पेटी उघडायला दोघं लागतात

आजचं वाचन : १ तीमथ्य ३:१-१३

रविवारची उपासना संपली की बाहेर चहाची गडबड सुरू होते आणि आत वेस्ट्रीतल्या टेबलावर जुनी चादर पसरली जाते. अर्पणाच्या थैल्या तिच्यावर रिकाम्या होतात. पूर्वी लाकडी पेटी असायची म्हणून आमच्याकडे या कामाला अजूनही ‘पेटी उघडणं’ म्हणतात. नाणी एका बाजूला, नोटा दुसऱ्या बाजूला. काही नोटांच्या इतक्या बारीक घड्या असतात की त्या पदराच्या गाठीतून सुटून थेट थैलीत पडल्या हे कुणी सांगावं लागत नाही. दहाची असते, कधी वीसची. अंगठ्यानं दाबून सरळ करताना ती जराशी दमट लागते. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी त्या नोटांपाशी आलं की माझा हात आपोआप सावकाश होतो.

एकदा मी ही मोजणी एकट्यानं उरकली. दुसरे पंच लग्नाला गेले होते, मला खडकी स्टेशनवरून लोकल पकडायची होती आणि रक्कमही फार नव्हती. आकडा बरोबर लिहिला, पैसे बरोबर ठेवले. पुढच्या रविवारी आमच्या मामांनी मला बाजूला घेतलं. मामा म्हणजे सगळ्या मंडळीचेच मामा, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले.

“एक रुपया कमी आहे असं म्हणत नाही मी,” ते म्हणाले. “पण पेटी उघडायला दोघं लागतात. तू कसा आहेस ते मला ठाऊक आहे. त्या मागच्या बाकावरच्या म्हातारीला कुठं ठाऊक आहे? ती बिचारी न विचारता टाकते. तिनं विचारायच्या आधीच आपण दोघं बसायचं.”

मला राग आला. इतकी वर्षं सेवा करून हे ऐकायचं? मामांनी माझा चेहरा पाहिला आणि कारखान्याची गोष्ट काढली. खडकीचा हा कारखाना १८६९ सालचा. आमच्या भागातल्या किती घरांच्या चुली त्यावर पेटल्या. मामा सांगत होते, गेटवर झडती व्हायची आणि काडेपेटी तिथंच ठेवावी लागायची. हेल्परची ठेवली जायची, तशी मोठ्या साहेबाचीही. “साहेबाला कधी अपमान वाटला नाही,” मामा म्हणाले. “आत काय भरलंय ते त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.”

त्या दुपारी मी करिंथकरांस दुसरं पत्र उघडलं. आठव्या अध्यायात पौल यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेल्या पैशांबद्दल लिहितो. ते पैसे न्यायचं काम त्यानं एकट्याच्या अंगावर घेतलेलं नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू दिला, वर तिसराही. एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत आपल्यावर कुणी बोट ठेवू नये, देवासमोर चोख असावं तसं माणसांसमोरही असावं, ही त्याची काळजी. नव्या करारातली जवळजवळ निम्मी पुस्तकं ज्याच्या नावावरची पत्रं आहेत, त्यालाही पेटी उघडायला दोघं लागत होते. माझा राग तिथंच उतरला.

सध्या आमच्याकडे नवीन पंचमंडळ निवडायचे दिवस आहेत. चहा पिताना नावं निघतात. कोण छान बोलतो, कुणाची नोकरी मोठी, कुणाचे नातेवाईक जास्त, कोण ‘वरपर्यंत’ ओळखी असलेला. हे सगळं ऐकून घरी यावं आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचावा. मंडळीची देखरेख करू पाहणारा माणूस कसा असावा याची ती यादी आहे, आणि त्यात कसबाची म्हणावी अशी अट एकच आहे : शिकवता यावं. बाकी सगळं पिण्याबद्दल, पैशाबद्दल, भांडणाबद्दल, घराबद्दल, दाराबद्दल.

आपल्या मराठी बायबलात इथं ‘अध्यक्ष’ हा शब्द आहे. तो कानावर पडला की खुर्ची, हार आणि माईक डोळ्यांपुढे येतात. पण शब्द फोडून बघा. अधि आणि अक्ष. अक्ष म्हणजे डोळा. वरून नजर ठेवणारा, लक्ष ठेवणारा. मूळ ग्रीक ‘एपिस्कोपोस’ नेमका असाच बनलेला आहे, आणि ‘बिशप’ही त्याच्यातूनच आला. शब्द निवडणाऱ्यांनी अगदी चपखल निवडला होता. आपण त्यातला डोळा हरवला आणि खुर्ची तेवढी ठेवली. त्याच अध्यायात पुढं ‘सेवक’ येतात. तिथला ग्रीक शब्द पंगतीत वाढणाऱ्या माणसालाही लागतो.

आणि वाढण्यावरूनच तर मंडळीतली ती मोठी निवड झाली. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागं राहत होत्या. कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही, सगळ्यांना बोलावलं आणि चांगल्या नावाचे सात जण निवडायला सांगितलं. त्या सातांची नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांच्या म्हाताऱ्यांचं ताट रिकामं राहिलं होतं त्यांच्यातलेच दिसतात हे सात. बहुमत ज्यांचं होतं त्यांनी किल्ल्या अल्पमताच्या हाती दिल्या. आपल्या सभांमधून असं किती वेळा झालेलं पाहिलं आपण?

पौलाची यादी वाचताना माझ्या हळूहळू लक्षात आलं की ती आपल्याला चर्चच्या बाहेर घेऊन जाते. बाहेरच्या लोकांत त्याचं नाव चांगलं असावं, असं पौल लिहितो. म्हणजे खडकी बाजारात जाऊन विचारावं लागेल. किराणावाल्याकडे उधारीची वही असते. त्या वहीत पंचांचं पान कसं दिसतं? महिन्याच्या महिन्याला रेघ मारलेली आहे, की जुनी बाकी पुढच्या पानावर ओढत नेली आहे? तो दुकानदार हिंदू असेल, मुसलमान असेल, आपल्या उपासनेला तो कधी आला नसेल. तरी या एका बाबतीत पौल त्याची साक्ष मागतो, आणि मला ते फार योग्य वाटतं. आपल्या प्रार्थना त्याला ऐकू येत नाहीत, त्यामुळे त्या ऐकून तो भुलतही नाही.

मग दार. ‘अतिथिप्रिय’ असावा, म्हणतो पौल. ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ आहे परक्यावर प्रेम करणारा. खडकीत परके कायम येत असतात. इथं बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे, कारखाने आहेत, बदल्या चालू असतात. दोन-तीन वर्षांसाठी मिझोराम, नागालँड, झारखंड, केरळमधून कुटुंबं येतात. मराठी उपासनेत मागच्या बाकावर बसतात, गाण्याचे शब्द न कळता ओठ हलवतात, आशीर्वाद झाला की उठून जातात. त्यांना दारात गाठून, मोडक्या हिंदीत का होईना, “जेवायला घरी या” म्हणणारी एक बाई आमच्यात आहे. तिचं नाव आजवर कुठल्याही कमिटीसाठी कुणी सुचवलेलं नाही. मीही नाही. हे लिहिताना मला त्याची खंत वाटते आहे.

घराची अट मात्र आपण फार निष्ठुरपणे वापरतो. ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार, हा पौलाचा प्रश्न माणसानं स्वतःला विचारायचा आहे. आपण तो पाळकांच्या मुलांवर उगारतो. पाळकसाहेबांची मुलगी उशिरा आली, मुलानं केस वाढवले, लगेच बाकांवर कुजबुज. ती मुलं आपल्या सगळ्यांच्या नजरेखाली वाढतात आणि पुष्कळदा त्या नजरेलाच कंटाळून लांब जातात. शमुवेलाचे मुलगे लाच खाणारे निघाले, ही गोष्ट शास्त्रानं लपवली नाही. पण तोच शमुवेल म्हातारपणी सगळ्या इस्राएलासमोर उभा राहिला आणि विचारता झाला की मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणावर जुलूम केला, कुणाच्या हातची लाच घेतली, सांगा, मी परत करतो. केस पिकलेला माणूस भर सभेत आपला हिशोब उघडतो! मुलांच्या बाबतीत त्याला अपयश आलं होतं, आणि लोकांनी राजा मागताना ते त्याला तोंडावर सुनावलंही होतं. तरी तो उभा राहिला.

पैशाच्या लोभाबद्दल पाळकांना उपदेश करायला आपल्याला आवडतं. पण त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात काम करणाऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, असंही आहे. ज्या मंडळ्या पाळकाचा पगार दोन-दोन महिने थकवतात त्यांनी तिसरा अध्याय वाचण्याआधी पाचवा वाचावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला, साताऱ्याला ख्रिस्ती संन्याशाचं जीवन पत्करलं आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाही लागली. आपण दुसऱ्याच्या चुलीवर असा त्याग लादू नये.

पंडिता रमाबाईंकडे तर मंडळीचा कुठला हुद्दाच नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा साध्या भाषेत. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या आणि छापलेलं पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. अधि आणि अक्ष. नजर कुणावर होती ते बघा.

कधी संध्याकाळी मी होळकर पुलाजवळच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन बसतो. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण तिथं विसावले आहेत. दगडावर नाव असतं, हुद्दा असतो, पलटणीचं चिन्ह असतं. पण दगडांची उंची एकच. अधिकाऱ्याचा दगड शिपायाच्या दगडापेक्षा बोटभरही वर नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातच या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्यांनी तसं ठरवलं होतं, आणि मोठ्या घरच्यांचा विरोध सोसूनही ते पाळलं. त्या रांगांमध्ये बसलं की मला कफर्णहूमचा शताधिपती आठवतो. तोही छावणीतलाच माणूस. हाताखाली शंभर शिपाई, आणि जीव कासावीस झालाय तो एका आजारी चाकरासाठी. येशूला तो निरोप पाठवतो की तुम्ही माझ्या घरी यावं एवढी माझी योग्यता नाही, शब्द तेवढा बोला. आणि स्वतःची ओळख काय देतो? मीही कुणाच्या तरी अधिकाराखाली असलेला माणूस आहे. खडकीत हे समजावून सांगावं लागत नाही. इथं ज्याचा हुकूम चालतो त्यालाही हुकूम असतो, हे शाळकरी पोराला ठाऊक आहे. येशूला त्या माणसाचं नवल वाटलं, असं शुभवर्तमानात लिहिलंय.

मामांची नजर आता अधू झाली आहे, मोजणीला ते येत नाहीत. त्यांच्या जागी कॉलेजात शिकणारी एक मुलगी येते. मागच्या रविवारी आम्ही दोघं बसणार, तेवढ्यात पाळकसाहेबांनी मला बाहेर बोलावलं. एका घरी आजारपण होतं, त्याबद्दल बोलण्यात चांगली पंधरा-वीस मिनिटं गेली. मला वाटलं, एव्हाना हिनं नाणी लावून ठेवली असतील. परत आलो तर चादर तशीच पसरलेली होती, थैल्यांच्या नाड्या बांधलेल्या होत्या आणि ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

“अगं, सुरू करायचं ना,” मी म्हटलं.

“तुम्ही नव्हता ना काका,” ती म्हणाली आणि पहिली नाडी सोडली.