आपली जागा घेणाऱ्याला शिकवावे का?



आज एक प्रश्न स्वतःला शांतपणे विचारून पाहू या. अनेक वर्षे कष्ट करून आपण एक काम आत्मसात केले आहे. त्या कामामुळे आपल्याला ओळख मिळाली, मान मिळाला. आता आपल्या शेजारी एक तरुण येऊन उभा राहिला आहे. तो हुशार आहे, मेहनती आहे आणि आज ना उद्या आपली जागा तोच घेणार, हे सर्वांना दिसते आहे. त्याला आपण मनापासून शिकवू का? की चार गोष्टी सांगू आणि पाचवी, जी खरी किल्ली आहे, ती स्वतःजवळ ठेवू?

दानाचे महत्त्व आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धन द्यावे, अन्न द्यावे, वेळ द्यावा. पण या प्रत्येक दानात देणारा 'दाता' म्हणून उरतो, लोक त्याला नमस्कार करतात. स्वतःचे स्थान देणाऱ्याच्या हाती काय उरते? उद्या लोक त्या खुर्चीवर बसलेल्या नव्या माणसाला नमस्कार करतील. म्हणूनच हे दान अवघड आहे आणि म्हणूनच त्यात साधकाची खरी परीक्षा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण एका दूरच्या मैदानावर जाऊ या. खेळ आहे अमेरिकेतला बेसबॉल आणि संघ आहे न्यूयॉर्क यँकीज.

सर्वांच्या उलट दिशेला तोंड करून बसणारा

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि फलंदाजाच्या मागे बसून तो झेलणाऱ्याला कॅचर. आपल्या क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा हा खेळाडू, पण त्याची जबाबदारी अधिक मोठी असते. कोणता चेंडू टाकायचा, याची खूण तो बोटांनी पिचरला करतो. क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जणांचे तोंड फलंदाजाकडे असते. एकटा कॅचर उलट दिशेला पाहतो, त्यामुळे संपूर्ण मैदान त्यालाच दिसते. तोंडावर जाळी, छातीवर आणि पायांवर कवच बांधून तो एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा उकिडवा बसतो. चेंडू लागून त्याची बोटे सुजतात, गुडघे झिजतात. सामना जिंकला की विजय मात्र पिचरच्या नावावर नोंदला जातो.

कोणता फलंदाज कोणत्या चेंडूला फसतो, आपला पिचर आज खचला आहे की जोशात आहे, हे ओळखण्याची विद्या पुस्तकातून येत नाही. ती एका कॅचरकडून दुसऱ्याकडे जाते. अडचण अशी, की मैदानात एका वेळी एका संघाचा एकच कॅचर असतो. पिचर चार-पाच जण आळीपाळीने खेळू शकतात, पण नियमित कॅचरची जागा एकच. शिकणारा तयार झाला की शिकवणाऱ्याने उठायचे, इतका हा हिशेब सरळ आहे.

यँकीज संघात ही एक जागा डिकीकडून बेराकडे आणि बेराकडून हॉवर्डकडे गेली. या तिघांची गोष्ट आपल्याला बरेच काही शिकवते.

बिल डिकी: मिळालेले पुढे देणारा

बिल डिकी १९२८ पासून यँकीजकडून खेळला. सलग १३ हंगामांत त्याने दर वर्षी १०० किंवा त्याहून अधिक सामन्यांत कॅचरचे काम केले. इतक्या अंगमेहनतीच्या जागेवर इतके सातत्य म्हणजे तपश्चर्याच. १९४६ मध्ये त्याचा खेळ थांबला आणि त्याच वर्षी एक बुटका, बेढब वाटणारा तरुण संघात आला. त्याचे नाव लॉरेन्स बेरा, पण सारे जग त्याला 'योगी' बेरा म्हणून ओळखते. या नावाची कथा मोठी गमतीची आहे. लहानपणी मित्रांनी एका चित्रपटात भारतातला योगी पाहिला. फलंदाजीची पाळी येईपर्यंत हातापायांची घडी घालून बसलेला बेरा त्यांना अगदी तसाच दिसला आणि नाव पडले ते कायमचे!

फलंदाज म्हणून योगी उत्तम होता, कॅचर म्हणून कच्चा. १९४७ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या खेळाडूंनी त्याच्या डोळ्यांदेखत बेस चोरले. १९४९ मध्ये केसी स्टेंगल संघाचे व्यवस्थापक झाले आणि त्यांनी डिकीला प्रशिक्षक म्हणून बोलावले. पाय कुठे ठेवायचे, फलंदाजाच्या किती जवळ बसायचे, चेंडू हातात येताच कसा फेकायचा, कोणत्या वेळी कोणता चेंडू मागायचा, हे सारे डिकीने त्याला पुन्हापुन्हा करून घेत शिकवले. त्या वेळी योगीच्या पाठीवर ८ हा क्रमांक होता. हाच क्रमांक खेळाडू डिकीच्या पाठीवर होता. आपला आकडा दुसऱ्याच्या पाठीवर पाहत, रोज सकाळी मैदानात उभे राहून त्यालाच घडवायचे! पुढे योगी १९५१, १९५४ आणि १९५५ अशा तीन वर्षी लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला.

तरीही एक गोष्ट लक्षात घेऊ या. डिकीने ज्ञान दिले ते खेळ संपल्यानंतर. सोडण्यासारखे स्थान तेव्हा त्याच्याकडे नव्हते. निवृत्तीनंतर उदार होणे चांगलेच आहे, पण स्थानावर असताना उदार होणे त्याहून कठीण.

योगी बेरा: जागा सोडणारा

१९५५ साली योगी तिसऱ्यांदा सर्वोत्तम ठरला, त्याच वर्षी एल्स्टन हॉवर्ड हा तरुण मुख्य संघात आला. हॉवर्ड मुळात बाहेरच्या मैदानात खेळणारा. त्यालाही कॅचर बनवण्यासाठी डिकीनेच मेहनत घेतली होती. आता संघात एक प्रस्थापित, कीर्तिमान कॅचर होता आणि त्याच्याच शेजारी उमलणारा दुसरा.

योगीने लगेच जागा सोडली का? नाही. इथे आपण थांबून विचार करायला हवा. त्याग म्हणजे घाईघाईने बाजूला होणे नव्हे. काम ज्याच्या हातून उत्तम होते आहे, त्याने ते टाकून देणे हाही कर्तव्याचा त्याग ठरतो. १९५९ पर्यंत योगी मुख्य कॅचर राहिला. १९६० पासून मात्र तोल बदलला. हॉवर्ड अधिक सामन्यांत कॅचर म्हणून बसू लागला आणि १९६१ मध्ये ती जागा पूर्णपणे त्याची झाली. योगी निघाला तो डाव्या बाजूच्या मैदानाकडे. तीन वेळा सर्वोत्तम ठरलेला, संपूर्ण मैदान समोर पाहण्याची सवय असलेला हा माणूस आता दूर कोपऱ्यात उभा राहून येईल तो चेंडू अडवू लागला. १९६० च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात पिट्सबर्गच्या बिल मॅझेरोस्कीचा विजयी फटका कुंपणापलीकडे गेला, तो डाव्या मैदानात उभ्या असलेल्या योगीच्या डोक्यावरूनच.

जुने काम तो विसरला होता असे नाही. २४ जून १९६२ रोजी डेट्रॉईटविरुद्धचा सामना २२ डाव लांबला, सात तास चालला. ३७ वर्षांच्या योगीने त्या सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅचरचे काम केले. आसन सोडल्यावर हाक आली तर पुन्हा बसायचे आणि काम झाले की उठायचे. हक्क गेला तरी सेवा उरते, ती अशी.

एल्स्टन हॉवर्ड: वाट पाहणारा

तिघांत सर्वात कठीण वाट हॉवर्डची होती. योग्यता असूनही पाच हंगाम त्याने मिळेल त्या जागी खेळून काढले, कधी बाहेरच्या मैदानात, कधी पहिल्या बेसवर, कधी योगीला विश्रांती देण्यासाठी कॅचर म्हणून. हक्काची जागा मिळाली तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. १९६१ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .३४८ होती. १९६३ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला.

पण हॉवर्डच्या प्रतीक्षेत दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या आणि त्या वेगळ्या ओळखणे हा विवेक आहे. योगी अधिक चांगला होता म्हणून थांबणे, ही एक गोष्ट. त्यात अन्याय नव्हता. अशा प्रतीक्षेत माणूस परिपक्व होतो. दुसरी गोष्ट वर्णभेदाची. यँकीजच्या मुख्य संघात खेळणारा हॉवर्ड हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळला, त्यानंतर यँकीजना आठ वर्षे लागली. फ्लोरिडातल्या सराव शिबिरात गोरे सहकारी ज्या हॉटेलात उतरत, तिथे हॉवर्डला राहता येत नसे. पुढे १९६९ मध्ये तो अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला, पण संघाच्या व्यवस्थापकाचे पद त्याला कधीच मिळाले नाही. १९८० मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला.

या दुसऱ्या प्रतीक्षेला आपण 'धैर्य', 'सहनशीलता' अशी सुंदर नावे देऊन मोकळे होतो का? ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याला शांतीचा उपदेश करणे फार सोपे असते. खरे तर तो उपदेश आधी खुर्चीवर बसलेल्याला करायला हवा. हॉवर्डने मनात कटुता न धरता काम केले, ही त्याची थोरवी. पण त्याला ताटकळत ठेवणाऱ्यांचा दोष त्या थोरवीने धुतला जात नाही. आपल्या घरात, कार्यालयात, सेवाकार्यात कोणी केवळ जात, लिंग, भाषा किंवा ओळखीपाळखी यांमुळे मागे राहिले असेल, तर त्याच्या संयमाचे कौतुक करून आपली जबाबदारी संपत नाही.

स्थान ही ठेव आहे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ या. आपण हातचे राखून का शिकवतो? कारण मनात एक भीती असते: ही जागा गेली तर मी कोण? 'मी कॅचर आहे' हे म्हणता म्हणता 'कॅचर म्हणजेच मी' असे कधी होऊन बसते, ते कळत नाही. स्थान ही उपाधी आहे, अंगावर चढवलेल्या सदऱ्यासारखी. सदरा उतरवताना कातडी सोलल्यासारखे दुःख होत असेल, तर तो सदरा अंगाला किती चिकटला आहे हे त्यावरून कळते.

शिवाय जी विद्या आपण 'माझी' म्हणतो ती तरी कुठून आली? कोणीतरी आपल्यालाही हात धरून शिकवले होते. म्हणजे विद्याही ठेव आणि स्थानही ठेव. ठेव सांभाळणाऱ्याला दोनच कर्तव्ये असतात: ताब्यात आहे तोवर नीट राखणे आणि योग्य वेळी योग्य हातात देणे. 'माझे काय होईल?' या प्रश्नाला इथे जागा नाही. 'कामाचे हित कशात आहे?' एवढाच प्रश्न उरतो. याच प्रश्नाने कधी थांबायचे ते कळते आणि कधी उठायचे तेही. शिष्याकडून हरण्यात गुरूचा विजय असतो, असे आपल्याकडे मानतात, ते याच अर्थाने.

१९७२ मध्ये यँकीजनी ८ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. पुढे कोणीही तो पाठीवर घालणार नाही. हा मान त्यांनी कोणा एकाला दिला नाही. डिकी आणि योगी या दोघांच्या नावे तो एकच आकडा निवृत्त झाला. डिकीने मुठीत धरून ठेवले असते, तर तो आकडा कदाचित त्याचा एकट्याचा राहिला असता. त्याने शिकवले, म्हणून तो दोघांचा झाला.

या आठवड्यासाठी एक प्रयोग

आजपासून सात दिवस, रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा.

माझ्याजवळ अशी कोणती किल्ली आहे, जी मी अजून कोणालाच दिलेली नाही? ती स्वयंपाकघरातली असेल, हिशेबाच्या वहीतली असेल किंवा भजनातल्या एखाद्या चालीची असेल.

माझ्या शेजारी कोण तयार झाले आहे, आणि ते मी पाहूनही न पाहिल्यासारखे करतो आहे का?

मी स्वतः वाट पाहत असेन, तर ही प्रतीक्षा मला घडवणारी आहे की कोणाचा अन्याय झाकणारी? घडवणारी असेल तर मन लावून काम करावे. अन्याय झाकणारी असेल तर मनात द्वेष न ठेवता, पण स्पष्ट शब्दांत बोलावे.

आठव्या दिवशी त्या किल्ल्यांपैकी एक निवडा, ती ज्याला द्यायला हवी त्या व्यक्तीला जवळ बसवा आणि काहीही हातचे न राखता शिकवायला सुरुवात करा.