ऋत्विज, यजमान आणि ध्वनिमुद्रणाचे फळ

वैदिक कर्मकांडाचा अर्थनिर्णय करणाऱ्या पूर्वमीमांसा या शास्त्राने एक प्रश्न गांभीर्याने विचारलेला आहे: मंत्रपठण आणि हवन ऋत्विज, म्हणजे यज्ञासाठी नेमलेले पुरोहित, करीत असताना यज्ञाचे फळ यजमानाला का मिळावे? मीमांसकांच्या मते यजमान दक्षिणा देऊन ऋत्विजांचे श्रम विकत घेतो. या व्यवहाराला ते परिक्रय म्हणतात, आणि परिक्रय झाला की ऋत्विजाने केलेले कर्म यजमानाचेच ठरते. याला अपवाद सत्राचा आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या या सोमयागात सहभागी होणारे सर्वजण यजमानही असतात आणि ऋत्विजही, म्हणून तेथे दक्षिणा नसते आणि फळ प्रत्येकाला मिळते.

फळ कोणाचे हाच प्रश्न ध्वनिमुद्रणालाही विचारता येतो. १९६० आणि १९७० च्या दशकांतील रॉक गट श्रोत्यांसमोर सत्रासारखे, म्हणजे सर्वजण समान सहभागी असल्यासारखे, उभे राहिले, परंतु ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अनेकदा ठराविक मोबदल्यावर बोलावलेले वादक आणि गायिका काम करीत असत, ज्यांना विक्रीतून पुढे काहीच मिळत नसे. ‘द बर्ड्‌स’ या गटाच्या १९६५ च्या ‘मिस्टर टॅम्बुरीन मॅन’ या गीतात रॉजर मॅक्ग्विन वगळता गटातील कोणीही वाद्य वाजवलेले नाही. तेथे वादकांनी नेमून दिलेले काम चोख केले आणि त्याचा मोबदला घेतला, त्यामुळे परिक्रयाचे तत्त्व तेथे लागू पडते असे म्हणता येईल.

गायिका क्लेअर टोरी यांच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नाही. जानेवारी १९७३ मधील एका रविवारी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्यांना ‘पिंक फ्लॉइड’ या गटाच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या मृत्यूविषयक रचनेसाठी बोलावण्यात आले. गटातील रिचर्ड राइट यांची स्वरसंगतींची मांडणी तयार होती, पण गाण्यासाठी चाल नव्हती आणि शब्दही नको होते. आक्रोशापासून शरणागतीपर्यंत जाणारी ती स्वरावली टोरी यांनी तेथेच, काही थोड्या प्रयत्नांत, निर्माण केली आणि रविवारच्या दुप्पट दराने त्यांना ३० पौंड मिळाले. मीमांसकांचा परिक्रय ज्या गृहीतकावर उभा आहे, ते येथे नाहीसे होते. यज्ञात प्रत्येक कृती विधीने, म्हणजे शास्त्राच्या आज्ञेने, आधीच ठरलेली असते. ऋत्विजाने स्वतःचे काही घातले तर तो गुण नसून दोष ठरतो आणि त्याला प्रायश्चित्त सांगितलेले असते, म्हणूनच त्याच्या कर्माचे फळ निःशेष दुसऱ्याकडे जाऊ शकते. जेथे विधीच नाही आणि जे हवे आहे ते मागणाऱ्यालाही आधी ठाऊक नाही, तेथे दक्षिणेने विकत घेतले जातात ते श्रमाचे तास, निर्मिती नव्हे. राइट यांच्या मांडणीवाचून टोरी यांचे गायन संभवले नसते हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून फळ विभागले जावे एवढेच सिद्ध होते.

गीतेच्या निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची आसक्ती न धरता केलेल्या कर्माचा, दाखला देऊन अशा कलावंतांना समाधानाचा उपदेश करणे हा त्या शिकवणीचा विपर्यास आहे. फलत्याग हा कर्त्याने स्वतः करावयाचा असतो. दुसऱ्याने फळ काढून घेणे म्हणजे त्याग नव्हे, आणि जे हाती कधी आलेच नाही ते सोडल्याचे पुण्य कोणालाही लागत नाही. उलट अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता समजणारा यथार्थ पाहत नाही असा जो निर्णय दिला आहे, तो येथे यजमानाला, म्हणजे गटालाच, अधिक लागू होतो.

पैशापेक्षा नावाचा प्रश्न वेगळा आहे, कारण नाव छापण्यास काहीच खर्च नसतो. ‘द बीटल्स’च्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव आहे; परंतु जानेवारी १९६८ मध्ये याच गटातील जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत मुद्रित केले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या त्या गीताच्या तबकडीवर ते वाजवणाऱ्या वादकांची नावे नव्हती. ‘रोलिंग स्टोन्स’ या गटाच्या १९६९ च्या ‘गिमी शेल्टर’ या गीतात गरोदर अवस्थेत, मध्यरात्री बोलावणे आल्यावर जाऊन गायलेल्या गायिका मेरी क्लेटन यांचा आवाज उंच स्वरावर चिरकतो, आणि ते चिरकणेच त्या गीताचा प्राण आहे, तरीही तबकडीवर त्यांच्या नावाचे स्पेलिंग चुकले होते.

टोरी यांचे नाव १९७३ च्या तबकडीवर गायिका म्हणून होते, रचनाकार म्हणून नव्हते. त्यांनी २००४ मध्ये दावा दाखल केला, तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला, आणि तेव्हापासून त्या गीताच्या नव्या आवृत्त्यांवर राइट आणि टोरी अशी दोन्ही नावे रचनाकार म्हणून छापली जातात.