शपथेची दुसरी बाजू

कागलच्या न्यायालयात साक्षीदार देवाची शपथ घेऊन खरे सांगतो. संध्याकाळी मात्र त्याला आरोपीच्याच गल्लीतून घरी जायचे असते.

खोट्या साक्षीला मनुस्मृतीने नरक सांगितला. खरे बोलणाऱ्याला जपायचे कोणी? हा प्रश्नही धर्माचाच आहे आणि देशाने त्याचे उत्तर फार उशिरा दिले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर योजना लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे जातो, धोक्याचा अहवाल पोलीस देतात. मग ओळख लपवता येते, बंद दालनात साक्ष होते, घरापाशी पहारा बसतो.

पण समन्स हाती पडलेल्या शेतमजुराला हे सांगणार कोण? त्या कागदावरच, सोप्या मराठीत, अर्जाची माहिती छापायला हवी.