पाणी : मालकीचे की प्रसादाचे?

देवस्थानातील महाप्रसादाच्या पंगतीत आज एक नियम कटाक्षाने पाळला जातो. ज्याने मोठी देणगी दिली तो आणि ज्याच्यापाशी देवापुढे ठेवावयास एक फूलही नाही तो, दोघेही एकाच पंक्तीत बसतात व दोघांच्याही पानात सारखेच वाढले जाते. देणगी ही प्रसादाची किंमत नव्हे, हे कोणत्याही भाविकास समजावून सांगावे लागत नाही. अन्नाच्या बाबतीत इतका सहज पटणारा हा न्याय पाण्याच्या बाबतीत मात्र का विसरला जातो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पाण्यावर मालकी सांगण्याची वृत्ती जुनी आहे. याच महाराष्ट्रात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी माणसांना मिळावे म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पुढे पाणवठे कायद्याने सर्वांना खुले झाले. परंतु जमिनीखालच्या पाण्यावरील मालकीची भावना तशीच राहिली. ‘विहीर माझ्या रानात, तर पाणीही माझेच’ हे म्हणणे वरकरणी रास्त वाटते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही जमीनमालकाचा हा हक्क मानला आहे. निसर्ग मात्र सातबारा पाहत नाही. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते मुरुमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. या भेगा बांधापाशी थांबत नाहीत. एकाच्या रानातील खोल बोअर शेजाऱ्याच्या विहिरीतील पाणी ओढून नेते. म्हणजे जे ‘माझे’ म्हणून उपसले जाते, त्यात शेजाऱ्याचा वाटा असतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर श्रीखंडेरायाच्या जेजुरीमुळे सर्वपरिचित असलेल्या पुरंदर तालुक्यातच मिळते. १९७२ च्या दुष्काळाने या तालुक्याचे हाल झाले. ते पाहून पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली नायगाव येथे मंदिर ट्रस्टची सुमारे ४० एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली. बांधबंदिस्ती करून पावसाचे पाणी अडविले, मुरविले व त्यावर पिके घेऊन दाखविली. देवाच्या नावाची ओसाड जमीन अशा रीतीने पंचक्रोशीची शाळा झाली. त्यातूनच ‘पाणी पंचायत’ उभी राहिली.

पाणी पंचायतीचे नियम थोडे, पण विलक्षण होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी ठरे. दर माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी व एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाट्याचा हक्क. उसासारख्या बारमाही पिकास मनाई. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा. पंगतीचाच न्याय येथे शिवारात आला, असे म्हणावे लागेल.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्याने अधिक जमीन कसली, अधिक पैसा घातला, त्यास इतरांइतकेच पाणी देणे हा अन्याय नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. कष्टाचे फळ कष्टकऱ्यास मिळालेच पाहिजे. परंतु विहीर खणण्याचे कष्ट माणसाचे असले, तरी पाऊस कोणाच्याही कष्टाने पडत नाही. तो सर्वांच्या रानावर पडतो, सर्वांच्या बांधांवर अडतो, मगच एखाद्याच्या विहिरीत उतरतो. कष्टावर हक्क सांगता येतो. कृपेवर सांगता येत नाही. कृपेने मिळालेल्या वस्तूची वाटणीच करावी लागते.

असे विचार केवळ प्रवचनाने अंगी बाणत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हे दाखवून दिले आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर त्या गावाने श्रमदानाने पाणी अडविले. त्याचबरोबर शेतीसाठी बोअर न घेण्याचा निर्बंधही स्वतःवर घालून घेतला. पाऊस किती पडला हे मोजून तेथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि पीक कोणते घ्यावे हे त्यावरून ठरते. जमाखर्च डोळ्यांसमोर असला म्हणजे अडाणी म्हणविणाराही जाणता होतो, आणि नियम स्वतः केलेला असला म्हणजे तो पाळण्यास शिपाई लागत नाही. लोकशिक्षण म्हणतात ते हेच.

तीर्थक्षेत्री येणारा भाविक हा त्या गावाचा पाहुणा होय. तो ज्या पाण्याने हातपाय धुतो, ते त्या गावाच्या ताळेबंदातूनच खर्ची पडते. म्हणूनच उघडा राहिलेला नळ बंद करणे, निर्माल्य पाण्यात न सोडता कुंडात ठेवणे, वस्त्रे व प्लास्टिक नदीपात्रात न टाकणे ही केवळ शिस्त नव्हे, तर तो वाटणीचा धर्म आहे. दानशूर भक्तांनीही ध्यानी घ्यावे, की मंदिरावर कळस चढविण्याइतकेच गावाच्या जुन्या तळ्यातील गाळ काढणे हेही पुण्यकर्मच आहे.

हातावर पडलेले तीर्थ थेंबभरच असते, तरीही भाविक त्यातला अंशही सांडू देत नाही. पात्रातल्या प्रत्येक थेंबाविषयी हीच जपणूक अंगी आली, तर क्षेत्राचे तीर्थपण अखंड राहील.