मागे कुणी नाही

डोळे मिटायची गरज नाही. पाठ टेकवा, खांदे सोडा, जबडा आवळला असेल तर तोही सोडा, आणि सावकाश वाचा.

जायचंय स्पेनमध्ये, कॅटालोनियाच्या दक्षिणेकडच्या तेर्रा आल्ता या डोंगराळ द्राक्षमुलखात. समुद्र डोंगरांपलीकडे, इथून दिसत नाही. दिवस ऑक्टोबरचे, द्राक्षांचा तोडा नुकताच आटोपलेला. सायकल ग्रॅव्हल प्रकारची आहे, म्हणजे हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद, आणि त्यांत हवा थोडी कमीच ठेवलेली.

गांदेसा गावाची शेवटची घरं संपली, की मळ्यांमधली कच्ची वाट लागते. सुरुवातीला काही बघू नका. टायरखाली खडी करकरते आहे, ती ऐका. मग लक्ष हळूच मानेमागे न्या. पुण्यामुंबईत सायकल चालवणाऱ्याच्या मानेमागे एक पहारेकरी बसलेला असतो. टेम्पो किती लांब आहे, हॉर्न आपल्याला की पुढच्याला, रिक्षा डावीकडून घुसणार का, असा त्याचा हिशेब अखंड चालू. इथे ड्यूटी नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो सवयीने मागे वळून बघेल. बघू दे. मागे कुणी नाही. फार तर एखादा ट्रॅक्टर येईल, तोही आधी ऐकू येऊन. पहारेकऱ्याला घरी जा म्हणू नका, तो ऐकणार नाही. कंटाळला की तो आपसूक पेंगतो.

आता एक पाय जमिनीला टेकवा आणि वेलीकडे बघा.

इथल्या जुन्या मळ्यांत मांडव नाही, तारा नाहीत. कमरेच्याही खाली राहणारं, पिळवटलेलं काळपट खोड, आणि त्यातून वर फुटलेले चार-पाच बाहू. पानं कडांनी पिवळी पडू लागली आहेत. याच दिवसांत आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या बागांमध्ये गोडी छाटणीची धांदल असते: वेलीला जागं करायचं, फूट काढायची आणि डावणी रोगाच्या धास्तीने आभाळाकडे बघत बसायचं. आपल्या वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी. इथली वेल मात्र आता निजायला निघाली आहे. पानं गळतील, रस खाली उतरेल, छाटणी हिवाळ्यात एकदाच. उभ्या उभ्या चार श्वास घ्या. वेलीला तुमच्याकडून काहीही नको आहे, आणि तुम्हालाही आज तिच्याकडून घड नको आहे.

पायाखालची माती चिमटीत घ्या. फिकट, भुसभुशीत, वाळूसारखी. हिला इथे पनाल म्हणतात. फार पूर्वी वाऱ्याने आणून टाकलेल्या आणि कालांतराने घट्ट झालेल्या वाळूच्या टेकड्यांची ही माती. तो वारा अजून आहे. वायव्येकडून येणारा कोरडा सेर्स पानं वाळवतो, म्हणून बुरशीला फारसं फावत नाही. दुसरा, समुद्राकडून येणारा दमट वारा उन्हाळ्यातली काहिली कमी करतो. पांढरी गार्नाचा हे इथलं मानाचं द्राक्ष, जगातल्या तिच्या एकूण लागवडीपैकी सुमारे तिसरा हिस्सा या एवढ्याशा मुलखात आहे. सेर्स आत्ता तुमच्या पाठीवर आहे. त्याला ढकलू द्या.

बोत गावापाशी वाट बदलते. चढ-उतार एकदम थांबतात आणि सायकल पायडल न मारताही हलकेच पुढे सरकत राहते. हा रुळांचा मार्ग होता. वाल दे साफान रेल्वे आरागोनमधून निघून समुद्राला मिळायची होती. ती तोर्तोसापर्यंतच पोहोचली आणि 1973 मध्ये बंद पडली. रूळ गेले, उतार राहिला. आगगाडीला झेपेल एवढाच उतार, म्हणजे माणसाच्या गुडघ्यांवर मेहेरबानीच. मोटारीला इथे मज्जाव. सायकलींच्या जाहिराती घाम आणि जिद्द यांनी भरलेल्या असतात. मला हा रस्ता त्या सगळ्यांपेक्षा शहाणा वाटतो, कारण तो तुमची परीक्षाच घेत नाही.

बोगदा येतो. आधी थंड हवेचा झोत अंगावर, मग काळोख. काही बोगदे लांब आहेत, वळणारे आहेत, दुसऱ्या टोकाचा उजेड दिसत नाही. दिवा लावा. पेंगलेला पहारेकरी खडबडून उठेल. त्याचं आता चुकत नाही. वेग कमी करा. छतातून ठिबकणारं पाणी, स्वतःचा श्वास, भिंतीवरून परत येणारा चाकांचा आवाज. हाताने फोडलेला खडक दिव्यात खडबडीत दिसतो. कुणी फोडला, हा प्रश्न इथे आपोआप येतो. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या सैन्याने हा मार्ग रसदीसाठी आणि जखमींसाठी वापरला, पुढच्या कामावर युद्धकैद्यांनाही राबवलं. 25 जुलै ते 16 नोव्हेंबर 1938 या काळात एब्रोची लढाई याच डोंगरांत चालली. गांदेसाजवळचं जुनं कोर्बेरा गाव तेव्हा जे उद्ध्वस्त झालं, ते तसंच ठेवलं आहे. मघाशी चिमटीत घेतलेल्या मातीवरूनही ते सैनिक गेले असतील.

हे कळल्यावर शांतता बिघडली, असं वाटेल. ती बिघडू द्या, दुरुस्त करायला धावू नका. रस्त्यावरची रहदारी गेली की मनात हे सगळं यायला जागा होते, आणि आत काय येईल यावर आपला ताबा नसतो. मनन म्हणजे फक्त गोड गोड आठवणं, ही समजूत मला पटत नाही.

उजेडात बाहेर या. डोळे दिपतील, क्षणभर थांबा. खाली कनालेतेस नदीची घळ, तिच्या काठी फोंतकाल्दाचं देवस्थान. तिथे खडकातून कोमट पाणी येतं. वाटलं तर उतरा, पाय बुडवा. मी तर बुडवलेच असते.

पुढे एल पिनेल दे ब्रायचं स्टेशन. गाव वर आहे, आणि आज पहिल्यांदा खरा चढ लागतो. वर सहकारी सोसायटीची वायनरी आहे, वास्तुकार गौदीच्या तालमीत तयार झालेल्या सेसार मार्तिनेलने शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेली. आत विटांच्या कमानी, इतक्या उंच आणि निमुळत्या, की लोक तिला वाइनचं कॅथीड्रल म्हणतात. पण दर्शनी भिंतीवरच्या रंगीत फरशांवर देव-संत नाहीत, द्राक्षांचा तोडा आहे आणि पिऊन तर्र झालेले शिकारी आहेत. कुणाला हसू आलं तर दाबू नये.

पांढऱ्या गार्नाचाचा एक पेला घ्या, एकच. जिभेवर धरून ठेवा. पिकलेल्या नाशपातीसारखं काहीसं, आणि शेवटी किंचित कडवट. तो कडवटपणा किती वेळ टिकतो ते बघा, त्याला नाव द्यायच्या फंदात पडू नका.

परतीला चढ आणि सेर्स दोन्ही समोरून येणार. आधी पोटभर पाणी प्या, दिव्याची बॅटरी तपासा, हलका गिअर टाका आणि निघा.