फाटलेलं आणि विरलेलं

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात कबड्डीच्या सरावात एका पोराची जर्सी काखेत टरकन फाटली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "टाकून दे रे, दोन-अडीचशेत नवी येते." ते बोलणं मनातून जाईना.

पॉलिएस्टर खनिज तेलापासून होतं, मातीत कुजत नाही, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. माझा मुद्दा निराळा. काही कपडे विरतात, काही फाटतात. विरलेल्याला सुई लावली की शेजारचं कापडही सुटतं. ते पुसायलाच घ्यावं. ओढाओढीत फाटलेलं कापड मात्र दणकट असतं, गेलेली असते फक्त शिवण. आपण दोघांनाही एकाच ढिगात टाकतो.

हे शहर हिमरू विणकामाचं. इथल्या हिमरूवर किंवा पैठणीवर रफू करणारा दुमडीतलाच धागा काढून उभ्या-आडव्या धाग्यांत असा गुंफतो की भोक शोधून सापडत नाही. जर्सीला ती कला चालत नाही. तिच्यात उभे-आडवे धागे नसतात, एकमेकांत अडकलेले फासे असतात. कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही. पहिल्याच चढाईत ती तटकन तुटते. तिथे गोल टोकाची सुई, नागमोडी टीप आणि आतून जुन्या जर्सीचाच तुकडा हवा.

गृहस्थांचा हिशेब खोटा नाही. शिंप्याची मजुरी आणि हेलपाटा धरला तर नवी जर्सी परवडते. पण त्या हिशेबात टाकलेल्या जर्सीचा खर्च कुठे आहे? शहराचा कचरा नारेगावात टाकला जायचा; 2018 मध्ये नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर ढीग साचले, आणि पुढे कचरा प्रक्रिया केंद्रं आली त्यांतलं एक याच चिकलठाण्यात. "टाकून दे" म्हणताना ती जर्सी कुणाच्या तरी दारात जाते.

म्हणून पोरांनी जर्सी शिवून वापरावी, असं सांगायला मी बसलो होतो. पण दहा नव्या जर्सींत एकच ठिगळाची दिसली, तर काटकसरीचा धडा ज्याच्या घरी आधीच ओढाताण आहे त्यालाच मिळतो. हे मला पटत नाही. दुरुस्ती संघानेच करायला हवी: प्रशिक्षकाच्या पिशवीत बँडेजशेजारी सुई-दोरा असावा, टाके घालायला मुलामुलींनी सारखंच शिकावं. आणि खरेदी करणाऱ्यांनी रंग, नाव, नंबर ठरवण्याआधी जर्सी उलटी करून शिवणीत माया किती सोडली आहे ते बघावं. मायाच नसेल तर तो माल परत पाठवावा.