गच्चीचा हिशेब

चेन्नईला उन्हाची ददात नाही. तिथे एक किलोवॉटची पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतात, आणि फेब्रुवारी 2024 पासून केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना तीन किलोवॉटला 78 हजारांचे अनुदान देते. तरी अड्यारपासून अण्णा नगरपर्यंत बहुतेक गच्च्यांवर दिसतात त्या पाण्याच्या टाक्या, एसीचे डबे आणि वाळत घातलेले वडाम, म्हणजे तिकडचे वाळवण. लोकांत जागृतीच नाही, असे यावर सेमिनारांतून ऐकू येते. मला ते पटत नाही. चेन्नईकर हिशेबाला पक्का आहे, आणि त्याने हिशेब बरोबरच केला आहे.

तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांनी येते. त्यातले पहिले शंभर युनिट मुख्यमंत्री जयललितांनी मे 2016 मध्ये सर्वांना फुकट केले. सप्टेंबर 2022 च्या दरांनी 250 युनिट जाळणाऱ्या घराचे बिल होते 450 रुपये. ते सगळे पुसले तरी वर्षाला वाचणार होते 2,700. तेवढ्यासाठी कोण गच्चीवर सांगाडा उभारील? उलट दोन-तीन एसीवाल्या, 900 युनिटच्या घराला त्याच दरांनी 5,550 रुपये पडत. तीन किलोवॉटने साठ दिवसांत 720 युनिट दिले, तर उरत 180 आणि त्यांचे बिल येई 180 रुपये! सौर युनिट तेव्हाच्या आठ-नऊ-दहा रुपयांच्या वरच्या टप्प्यांतून वजा होत खाली येत. फुकटचे शंभर जागच्या जागी.

गोम इथेच आहे. तळाची स्वस्ताई काही अंशी सरकारी अनुदानावर आणि काही अंशी या वरच्या टप्प्यांवर चालते. ज्याला सौर वीज सर्वांत फायद्याची, तोच वीजमंडळाचे सर्वांत मोलाचे गिऱ्हाईक. तो सुटला की तोटा मंडळाचा. मग केंद्र पुढे रेटते आणि राज्यातली यंत्रणा पाय रोवते. राज्याच्या वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये छतावरच्या सौर विजेला वीजजाळे वापरण्याचा आकार लावला, तो याच काळजीतून, असे मला वाटते.

गच्चीचे दुखणे वेगळेच. फ्लॅटवाल्याच्या नावावर जमिनीचा अविभक्त हिस्सा असतो, तिथल्या बोलीत ‘यूडीएस’. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे भांडण समजावून सांगायला नको. भाडेकरू तर बिल भरतो, पण छप्पर मालकाचे. शिवाय डिसेंबर 2016 च्या वरदा वादळानंतर अनेक वस्त्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. बिनबॅटरीची, ग्रिडला जोडलेली यंत्रणा अशा वेळी लख्ख उन्हातही बंद राहते. इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो, नाहीतर तारा जोडणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. नियम रास्तच, पण लाखभर घालून अंधारात बसलेल्याला तो कसा पटावा?

पावसाच्या पाण्याचे असे अडले नाही. याच शहरात 2003 च्या सुमारास ते जिरवण्याची सोय घरोघरी सक्तीने झाली. भूजल वर आल्याने कोणाचे गिऱ्हाईक तुटणार नव्हते. (टँकरवाले सोडून.)

सौर विजेला त्यातल्या त्यात मोकळी वाट आहे ती सोसायटीच्या सामाईक मीटरची. पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट: बिल सामाईक, गच्चीही सामाईक, आणि केंद्राचे अनुदान किलोवॉटला 18 हजार. 2022 मध्ये या मीटरचा दर युनिटला आठ रुपये झाला, तेव्हा गणित जमण्यासारखे होते. रहिवाशांनी ओरड केली. 2023 मध्ये सरकारने दहा घरांपर्यंतच्या, तीन मजल्यांपर्यंतच्या, बिनलिफ्टच्या इमारतींना तो साडेपाचावर आणून दिला. रहिवासी खूश झाले, आणि त्यांच्या गच्चीचे गणित पुन्हा बिनसले.